तणनाशकाची विषबाधा: रक्ताच्या तपासणीतून काय कळतं, आणि ते लवकर कळणं का गरजेचं आहे

तणनाशक पोटात गेलेला माणूस पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो. बोलतो, चालतो, पाणी मागतो. तोंडात आग, घशात जळजळ, एकदोन उलट्या, एवढीच तक्रार. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनही ठीक. सोबतच्यांच्या जिवात जीव येतो. डॉक्टरांची काळजी मात्र इथूनच सुरू होते. काही तणनाशकांचा खरा घाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने दिसतो, आणि तो दिसेपर्यंत हाताशी असलेले बरेचसे उपाय निरुपयोगी झालेले असतात.

अशा वेळी तीन गोष्टी कळायला हव्या असतात. पोटात नेमकं कोणतं रसायन गेलं, त्यातलं रक्तात किती उतरलं, आणि ते जाऊन किती तास झाले. पहिल्या दोन गोष्टी लॅब सांगते, तिसरी रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक सांगतात. या तिन्ही एकत्र आल्याशिवाय रक्ताच्या रिपोर्टला अर्थ येत नाही. या लेखात पुढे हेच सविस्तर सांगायचं आहे, कारण जलद तपासणीचा विषय निघाला की सगळी चर्चा महागड्या यंत्रांवर जाते आणि वेळेची नोंद मागेच राहते.

आधी एक घोटाळा दूर करू

शेतात वापरलं जाणारं औषध पोटात गेलं म्हटलं की अनेक ठिकाणी सवयीने कोलिनेस्टरेजची तपासणी केली जाते. ती कीटकनाशकांसाठी आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशकं हे एन्झाइम बंद पाडतात, म्हणून त्याची पातळी घसरते. नेहमीच्या तणनाशकांचं काम निराळ्या मार्गाने चालतं. तिथे कोलिनेस्टरेज अगदी नॉर्मल येईल, आणि तो नॉर्मल रिपोर्ट पाहून कुणी निर्धास्त झालं तर मोठा धोका आहे. हा रिपोर्ट ‘ऑर्गॅनोफॉस्फेट असण्याची शक्यता कमी’ एवढंच सांगतो. ‘विषबाधा नाही’ असं तो कधीच सांगत नाही.

दुसरं असं की तणनाशक हे काही एकच विष नाही. पॅराक्वाट, डायक्वाट, ग्लायफोसेट, ग्लुफोसिनेट, २,४-डी, प्रोपॅनिल यांचा एकमेकांशी रासायनिक संबंध फारसा नाही (पहिली दोन सोडली तर). शरीरात प्रत्येकाचा रस्ता वेगळा, घाव वेगळा, आणि म्हणून तपासणीही वेगळी. ‘रक्तात तणनाशक आहे का ते बघा’ अशी एकच सरसकट चाचणी नसते. लॅबला काय शोधायचं ते सांगावं लागतं.

पॅराक्वाट: जिथे प्रत्येक तास मोजावा लागतो

पॅराक्वाटचा तणनाशक गुण १९५५ मध्ये लक्षात आला आणि १९६२ पासून ते बाजारात आलं. त्यावर आजही उतारा नाही. म्हणूनच जलद तपासणीचा सगळ्यात जास्त अभ्यास याच्याबाबत झाला आहे, आणि या लेखातही सगळ्यात जास्त जागा त्यालाच द्यावी लागेल.

पॅराक्वाटचा रेणू पेशीत शिरला की पेशीतली एन्झाइम्स त्याला एक इलेक्ट्रॉन देतात. शेजारी ऑक्सिजन असला की तो हा इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि स्वतः सुपरऑक्साइड नावाचा अतिशय आक्रमक रेणू बनतो. पॅराक्वाट मात्र होतं तसं मूळ रूपात परत येतं आणि पुन्हा नवा इलेक्ट्रॉन घ्यायला तयार होतं. स्वतः न संपता ते हे चक्र चालूच ठेवतं. पेशीची संरक्षणाची शिबंदी संपते आणि तिची आवरणं जळू लागतात.

फुप्फुसांवर याचा घाला सर्वांत वाईट पडतो, त्याला दोन कारणं आहेत. फुप्फुसाच्या पेशींमध्ये पॉलिअमाइन नावाचे रेणू आत ओढून घेणारी एक यंत्रणा असते. पॅराक्वाटची घडण त्यांच्याशी मिळतीजुळती असल्याने ती त्यालाही आत घेते, आणि फुप्फुसातली पातळी रक्ताच्या कितीतरी पट होते. दुसरं कारण उघड आहे: ऑक्सिजन तिथेच सर्वांत जास्त. यामुळेच पॅराक्वाटच्या रुग्णाला, रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरल्याशिवाय, बाहेरून ऑक्सिजन देत नाहीत. कोणतं तणनाशक आहे हे न कळता केलेला नेहमीचा उपचार इथे अपाय करू शकतो. तपासणी लवकर हवी याचं हे पहिलं कारण.

आता लघवीच्या साध्या चाचणीकडे येऊ. तिला डायथिओनाइट चाचणी म्हणतात. तीच माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. रुग्णाची थोडी लघवी परीक्षानळीत घ्यायची. त्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात नुकतंच विरघळवलेलं सोडियम डायथिओनाइट घालायचं. लघवीत पॅराक्वाट पुरेसं असेल तर एका मिनिटाच्या आत निळा रंग येतो. थोडं असेल तर फिकट आकाशी, भरपूर असेल तर गडद, जवळजवळ काळपट निळा. डायक्वाट असेल तर हिरवट झाक येते. वीज नको, यंत्र नको.

हा निळा रंग कशाचा? डायथिओनाइट पॅराक्वाटला इलेक्ट्रॉन देतं, आणि इलेक्ट्रॉन मिळालेलं पॅराक्वाट निळं दिसतं. ती नळी जोरात हलवून हवा मिसळली की रंग फिका पडतो, कारण हवेतला ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन काढून घेतो. म्हणजे पेशीत जी अदलाबदल चालते, तीच इथे काचेआड डोळ्यांनी दिसते. म्हणून रंग लगेच बघायचा, आणि नळी खळखळ हलवायची नाही.

चाचणी सोपी आहे, पण चुकायलाही सोपी. डायथिओनाइटची पूड दमट हवेत खराब होते. कपाटात वर्षभर अर्धवट उघड्या पडलेल्या डबीतली पूड वापरली तर लघवीत विष असूनही रंग येणार नाही, आणि त्या निगेटिव्हवर विसंबून निर्णय होतील. त्यामुळे तीन नळ्या शेजारी शेजारी लावायच्या. एकीत रुग्णाची लघवी. दुसरीत निरोगी माणसाची लघवी, तिच्यात मुद्दाम थोडं पॅराक्वाट घातलेलं. तिसरीत रुग्णाचीच लघवी, पण डायथिओनाइट न घालता. दुसरी निळी झाली नाही तर पूड वाया गेलेली आहे, पहिलीचा निकाल धरायचाच नाही. तिसरीचं कारण असं की अनेक उत्पादनांत ओळख पटावी म्हणून निळा-हिरवा रंग मुद्दाम घातलेला असतो, आणि डोळ्यांची फसगत व्हायला तेवढं पुरतं. डबी नेहमी घट्ट बंद आणि कोरड्या जागी ठेवायची. ओलावा लागला तर ही पूड तापते, पेटूही शकते.

निकाल वाचतानाही वेळ बघावी लागते. विष पोटात जाऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल तर ते लघवीत उतरलेलंच नसेल, तेव्हाचं निगेटिव्ह धरू नये. सहा तासांच्या सुमारास पुन्हा तपासावं. तेव्हाही लघवीला रंग आला नाही तर मोठी विषबाधा असण्याची शक्यता बरीच कमी होते. हीच चाचणी प्लाझ्मावर, म्हणजे रक्तपेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या पिवळसर द्रवावरही करता येते. प्लाझ्मात नुसत्या डोळ्यांना रंग दिसला तर पातळी साधारण २ मिलिग्रॅम प्रतिलीटरच्या वर आहे असं समजतात, आणि ती गोष्ट गंभीर आहे.

आकडा एकटा काही सांगत नाही

समजा रिपोर्ट आला: प्लाझ्मा पॅराक्वाट १ मिलिग्रॅम प्रतिलीटर. हे जास्त की कमी?

पोटात गेल्यापासून चार तास झाले असतील तर आशा धरायला जागा आहे. दहा तास झाले असतील तर तोच आकडा फार वाईट बातमी आहे. १९७९ मध्ये प्राउडफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७९ रुग्णांच्या पातळ्या वेळेनुसार आलेखावर मांडल्या. वाचलेले आणि न वाचलेले यांच्यामधून त्यांनी एक रेषा काढली. ती रेषा ४ तासांना २.० वर आहे, ६ तासांना ०.६ वर, १० तासांना ०.३ वर, १६ तासांना ०.१६ वर आणि २४ तासांना ०.१ वर. सर्व आकडे मिलिग्रॅम प्रतिलीटरमध्ये. चौथ्या आणि सहाव्या तासांमध्ये रेषा किती झपाट्याने कोसळते ते पाहा. या दोन तासांत वेळ सांगण्यात गफलत झाली तर रुग्ण रेषेच्या या बाजूचा त्या बाजूला जातो.

१९८८ मध्ये जपानमधल्या सावादा आणि सहकाऱ्यांनी आणखी सोपा हिशेब सुचवला. प्लाझ्मातली पातळी गुणिले उपचार सुरू होईपर्यंत गेलेले तास. गुणाकार १० च्या खाली असेल तर वाचण्याची शक्यता चांगली. १० ते ५० मध्ये असेल तर फुप्फुसं निकामी होऊन उशिरा मृत्यूचा धोका. ५० च्या वर गेला तर रक्ताभिसरण कोसळून लवकर मृत्यूचा धोका. वरचंच उदाहरण घेतलं तर चार तासांना गुणाकार येतो ४, आणि वीस तासांना २०. रक्तातलं विष तेवढंच, अर्थ पार वेगळा.

असं का होतं? रक्त हा विषाचा फक्त रस्ता आहे, मुक्काम नाही. पॅराक्वाट पोटातून रक्तात आलं की साधारण दोन तासांत पातळी शिखर गाठते. मग मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात आणि फुप्फुसं आत ओढू लागतात. दोन्हींमुळे रक्तातला आकडा उतरतो. उतरता आकडा पाहून ‘विष निघून चाललंय’ असं म्हणता येत नाही, ते कदाचित फुप्फुसात जाऊन बसत असेल. उशिरा घेतलेल्या नमुन्यातही पातळी वर असेल, तर सुरुवातीला ती किती असेल याची कल्पना करता येते. त्यात मूत्रपिंडांवर आघात झाला असेल तर बाहेर टाकण्याचं काम मंदावतं. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट गाळत नसली की रक्तात साठणारा पदार्थ) दर काही तासांनी बघायचं, आणि एकेका आकड्यापेक्षा ते किती वेगाने चढतंय तिकडे लक्ष द्यायचं. पॅराक्वाट मोजायची सोयच नाही तिथे क्रिएटिनिनची ही चढण आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींवर ताण आला की वाढणारं आम्ल) हेच आधार असतात.

या रेषा जुन्या रुग्णांच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत. त्या शक्यता सांगतात. एखाद्या माणसाचं भविष्य त्यातून ठरत नाही. रेषेच्या थोडं वर आहे म्हणून उपचार आखडता घेणं मला पटत नाही.

मग आकड्याचा उपयोग काय? पोट आणि आतड्यातलं विष शोषलं जाऊ नये म्हणून दिला जाणारा अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल किंवा मुलतानी माती यासाठी कुणी रक्ताच्या रिपोर्टची वाट बघू नये, ते ताबडतोब द्यायचं. रक्त चारकोलच्या नळीतून फिरवून शुद्ध करणं, म्हणजे हिमोपरफ्युजन, करायचं की नाही, अतिदक्षता विभागात हलवायचं का, नातेवाइकांना काय सांगायचं, हे निर्णय आकड्यावर ठरतात. हिमोपरफ्युजनचा काही फायदा व्हायचा असेल तर तो पहिल्या काही तासांत. दुसऱ्या दिवशी सकाळी आलेला अचूक आकडा त्या निर्णयाच्या कामाचा उरत नाही.

यंत्रं काय करतात

डायथिओनाइटच्या निळ्या रंगाची तीव्रता स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजली की अंदाजाच्या जागी आकडा मिळतो. हे यंत्र बहुतेक लॅबमध्ये असतंच. प्लाझ्मातली प्रथिनं आधी काढून टाकायची, मग रंग आणायचा, आणि ६०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश किती शोषला जातो ते पाहायचं. सगळं नीट मांडून ठेवलेलं असेल तर तासाच्या आत काम होतं. रक्त काढताना पेशी फुटून प्लाझ्मा लालसर झाला तर मात्र मापन बिघडतं. शिवाय दहाव्या-बाराव्या तासानंतर महत्त्वाची पातळीच इतकी खाली आलेली असते की ही पद्धत तिथे डळमळते.

तिथून पुढे लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटरची जोडी लागते. प्लाझ्मात अ‍ॅसिटोनायट्राइल घालून प्रथिनं गोळा करायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा स्वच्छ द्रव घ्यायचा, आणि तो यंत्रात सोडायचा. क्रोमॅटोग्राफीचा कॉलम रेणू वेगळे करतो, मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचं वजन बघतो. पॅराक्वाटचं वजन १८६. यंत्र त्याचे तुकडे करतं, त्यातला एक ठळक तुकडा १७१ चा, म्हणजे १५ वजनाचा मिथाइल गट गळून पडलेला. १८६ मधून १७१ ही जोडी दिसली आणि कॉलममधून बाहेर यायची वेळही जुळली, तरच ते पॅराक्वाट मानायचं. मोजमापात गडबड होऊ नये म्हणून प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात जड पॅराक्वाट घालतात. त्यात आठ हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असतो आणि त्याचं वजन १९४. प्रक्रियेत जेवढा माल वाया जाईल तेवढाच दोन्हींचा जाईल, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर शाबूत राहतं.

आणखी वेगवान पद्धतीही आल्या आहेत. कागदाच्या त्रिकोणी तुकड्यावर रक्ताचा थेंब टाकायचा, वर द्रावकाचे थेंब सोडायचे आणि कागदाला काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा. टोकातून बारीक फवारा थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो. पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहॅम कुक्स यांच्या गटाने २०१० च्या सुमारास ही पेपर स्प्रे पद्धत पुढे आणली. त्यात कॉलमच नाही, त्यामुळे निकाल मिनिटा-दोन मिनिटांत येतो. गर्भचाचणीच्या पट्टीसारख्या, प्रतिपिंडांवर चालणाऱ्या पट्ट्याही पॅराक्वाटसाठी बनल्या आहेत.

यंत्राची धाव मुळातच काही मिनिटांची असते. वेळ जातो तो दुसरीकडेच. नमुना दुसऱ्या शहरात पाठवण्यात, रात्री लॅबमध्ये कुणी नसण्यात, आठवड्यातून एकदा सगळे नमुने एकत्र लावण्याच्या रिवाजात, रिपोर्टवर सही व्हायची राहण्यात. दोन मिनिटांचं यंत्र विकत घेऊन नमुना आठ तास टेबलावर पडून राहत असेल, तर त्याला जलद तपासणी म्हणायला मी तयार नाही. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या तंत्रज्ञाला करता येणारी निळ्या रंगाची चाचणी त्याहून जलद आहे.

बाकीची तणनाशकं

ग्लुफोसिनेटकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. त्याचा रुग्ण पहिले काही तास जवळजवळ ठणठणीत असतो. मग चार तासांपासून पुढे कधीही, कधी एक-दोन दिवसांनीही, अचानक झटके येतात, शुद्ध हरपते, श्वास थांबतो. जवळ व्हेंटिलेटर असेल तर यातले बरेच जण वाचतात, आणि घरी पाठवलेले असतील तर तोच श्वास जिवावर बेततो. रक्तातलं ग्लुफोसिनेट आणि गेलेले तास यांवरून धोका सांगणारा आलेख जपानमध्ये तयार झाला आहे. ते मोजायची सोय नसेल तर रक्तातला अमोनिया बघतात, कारण ग्लुफोसिनेट शरीरातलं ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम अडवतं आणि अमोनिया साठू लागतो. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये न्यायचा. टेबलावर राहिला तर नळीतच अमोनिया वाढतो आणि खोटा मोठा आकडा येतो.

ग्लायफोसेटच्या बाबतीत त्याच्यासोबत मिसळलेला साबणासारखा पदार्थ बराचसा घात करतो. रक्तातलं ग्लायफोसेट मोजता येतं आणि फार मोठी पातळी धोक्याची असते. तरी उपचार ठरतो तो रक्तातली आम्लता, पोटॅशियम, ईसीजी आणि मूत्रपिंडं पाहून. काही उत्पादनांत ग्लायफोसेट पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं, त्यामुळे पोटॅशियमची तपासणी विसरून चालत नाही. २,४-डी हे सौम्य आम्ल आहे. लघवी अल्कधर्मी ठेवली की ते जास्त बाहेर पडतं.

प्रोपॅनिलची तपासणी तर जवळपास हातावरच असते. ते हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं रूप करतं, रक्त चॉकलेटी दिसतं, आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून बसतो, ऑक्सिजन दिला तरी हलत नाही. ब्लड गॅसच्या यंत्रात को-ऑक्सिमीटर (मेथेमोग्लोबिन मोजणारा भाग) असेल तर काही मिनिटांत आकडा मिळतो. आणि इथे उतारा आहे: मेथिलीन ब्लू.

डायक्वाट पॅराक्वाटचाच भाऊबंद, पण त्याचा रोख मूत्रपिंडं आणि मेंदूवर जास्त असतो. चीनने २०१६ मध्ये द्रवरूप पॅराक्वाटवर बंदी आणल्यानंतर तिथे डायक्वाटच्या विषबाधा वाढल्या. बाटलीवर डायक्वाट आणि आत पॅराक्वाटही, असे प्रकारही तिथे आढळले. म्हणून लेबल हा धागा म्हणून घ्यावा आणि लॅबने दोन्ही तपासावीत.

नमुना कसा असावा

पॅराक्वाट काचेला चिकटतं. काचेच्या नळीत ठेवलेल्या नमुन्यातून थोडं विष भिंतीवरच राहून जातं आणि पातळी खोटी कमी येते, म्हणून प्लास्टिकची नळी घ्यावी. प्लाझ्मा लवकर वेगळा करावा. पाठवायला वेळ लागणार असेल तर गोठवून पाठवावा. पहिली लघवी फेकू नये. एककं नीट वाचावीत: कुणी मिलिग्रॅम प्रतिलीटर लिहितं, कुणी नॅनोग्रॅम प्रतिमिलिलीटर, आणि पहिल्यातला १ म्हणजे दुसऱ्यातले १०००. नळीवर दोन वेळा लिहाव्यात, पोटात गेल्याची आणि रक्त काढल्याची. यातली पहिली वेळ अनेकदा नक्की ठाऊक नसते. मग शेवटचं कुणी नीट पाहिलं होतं ती वेळ आणि सापडल्याची वेळ, अशा दोन्ही लिहाव्यात, म्हणजे आलेखावर निदान एक पट्टा तरी धरता येतो.

घरच्यांसाठी एवढंच. तणनाशक पोटात गेल्याची शंका जरी असली तरी माणूस बरा दिसतोय म्हणून थांबू नका. लगेच दवाखान्यात न्या. मुद्दाम उलटी काढायला लावू नका. बाटली किंवा तिचा फोटो सोबत घ्या, आणि केव्हा घडलं ते खरं सांगा. पुष्कळदा लाज, भीती किंवा पोलिसांच्या धास्तीने वेळ लपवली जाते, दोन तासांचे पाच सांगितले जातात किंवा उलट. ज्याच्या हातून हे घडलं त्याला रागावायची ही वेळ नाही. त्याच्याशी शांतपणे, मायेने बोललात तर तो खरी वेळ सांगेल, आणि त्याच वेळेच्या आधारे लॅबमधल्या आकड्याचा अर्थ डॉक्टर लावतील.